मोनेची बाग, रेन्वारच्या नजरेतून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत हार्टफर्डला जातोच आहेस, तर तिथलं वॅड्सवर्थ अथेनियम हे कलासंग्रहालय चुकवू नकोस. तिथं फ्रेंच चित्रकार रेन्वारचं १८७३चं चित्र आहे : आर्जेंतॉयच्या बागेत इझल (कॅनव्हास टेकवायची घोडी) मांडून त्याचा चित्रकार मित्र मोने उभ्यानं रंगवतोय. जेमतेम ४७ बाय ६० सेंटिमीटरचं, त्यामुळं मोठ्या चित्रांच्या नादात नजरेतून सुटायचं.

मोनेकडं नंतर बघ, आधी कुंपण बघ. डेलियांची दाट रांग, लाकडी कुंपण आणि पलीकडं डोकावणारी शेजाऱ्यांची घरं. त्याच वर्षी मोनेनंही बागेतला हा डेलियांचा कोपरा रंगवला. ते चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात शेजार जवळपास गायब! फुलं फुगून पुढं आलेली, बाग एखाद्या इनामदाराची वाटावी. प्रत्यक्षात आर्जेंतॉय म्हणजे पॅरिसहून आगगाडीनं सहज गाठता येणारं, कारखाने वाढत चाललेलं उपनगर आणि मोनेचं घरही भाड्याचं. रेन्वारनं चक्क चुगली केलीय.

मग फुलांजवळ जा, पण पहारेकरी ओरडणार नाही इतपतच. ओल्यावर ओला रंग, म्हणजे खालचा थर वाळायच्या आत लावलेला, कसा ओळखायचा सांगतो. ब्रशच्या फटकाऱ्याच्या शेपटीला खालचा हिरवा ओढला गेलेला असतो. खालचा थर वाळलेला असेल तर वरचा रंग त्याच्या उंचवट्यांवर तुटक-तुटक बसतो.

हे बागेत बसून जमलं त्यात कथलाच्या ट्यूबचा मोठा वाटा. ती १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं काढली. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत. एकदा टोचली की आतला रंग घट्ट व्हायला लागायचा.

तुला स्वतः करून बघायचंय ना? १२ बाय १६ इंचांचा कॅनव्हास पुरे. आधी गडद हिरवा, टर्पेंटाइन घालून पातळ. फुलं शेवटी, जाड रंगात, ट्यूबमधून आला तसा. ब्रश भरून घे, एकदाच टेकव, उचल, चिंधीला पूस. त्याच जागी परत फिरवलास की लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात आणि तपकिरी चिखल होतो. लाल उजळायला पांढरा घालू नकोस, गुलाबी होऊन तेज जातं. थोडा नारिंगी घाल.

कॅनव्हासवर थेट ऊन नको. डोळे दिपतात, आपण रंग गडद लावत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. बाहेर रंगवणारे छत्री बाळगतात ती यासाठी. दोन तासांत सावल्या सरकतात, तेव्हा हात आवर आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बस. सरकलेल्या सावल्यांमागं धावलास तर चित्रात दोन सूर्य होतात. वारा असेल तर इझलच्या मध्याला दगडांची पिशवी टांग.

परतताना चित्र ओलंच असणार. त्याच मापाचा कोरा कॅनव्हास समोरासमोर धर, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेव आणि सुतळीनं आवळ. तुकडे अगदी कडेला ठेव, नाहीतर आकाशात चार भोकं पडल्यासारखी दिसतील.

तुझा,
मित्र