रात्री मोजून मुलाचा खर्च कसा ठरणार?

मा. संपादक,
स. न.

घटस्फोटानंतर मुलांना मिळणाऱ्या पोटगीवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. ‘बापाच्या पगाराचा अमुक टक्के’ एवढे सांगून लेखकाने विषय संपवला आहे. हा टक्का कोणत्या आकड्यावर धरायचा आणि दुसऱ्या पालकाच्या कमाईचे काय, हे मात्र लेखात कुठेच आले नाही. भांडणे तर तिथूनच सुरू होतात.

टक्केवारीची पद्धत आहे, नाही असे नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका मुलासाठी उत्पन्नाच्या 17 टक्के आणि दोघांसाठी 25 टक्के हे मूळ दर आहेत. ब्रिटनमध्ये करपूर्व साप्ताहिक उत्पन्नावर एका मुलासाठी 12, दोघांसाठी 16 आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी 19 टक्के असा सर्वसाधारण दर आहे. हिशेब झटपट होतो. पण ब्रिटिश पद्धतीत मूल ज्याच्याकडे राहते त्याची कमाई पाहिलीच जात नाही. तो पालक दुसऱ्याच्या दुप्पट कमावत असला, तरी रक्कम तीच.

अमेरिकेतील बहुतेक राज्ये वेगळा विचार करतात, आणि मला तोच पटतो. दोघांचे उत्पन्न एकत्र करायचे, तेवढ्या उत्पन्नाच्या घरात मुलावर किती खर्च होतो ते तक्त्यात पाहायचे आणि तो खर्च कमाईच्या प्रमाणात वाटायचा. एकूण कमाई 100 धरली, त्यात वडिलांची 60 आणि आईची 40, आणि मुलाचा खर्च 20 निघाला, तर वडिलांचा वाटा 12 आणि आईचा 8. मूल आईकडे राहत असेल तर वडील 12 देतात. आईचे 8 कोणाच्या खात्यात जमा होत नाहीत. ते रोजच्या घरखर्चात जातात, असे गृहीत धरले जाते. ‘ती काय देते?’ असा सवाल करणाऱ्यांना हे 8 दिसत नाहीत.

माझा खरा आक्षेप रात्री मोजण्यावर आहे. ब्रिटनमध्ये मूल वर्षात 52 रात्री पोटगी देणाऱ्याकडे झोपले की रक्कम एक सप्तमांशाने घटते आणि 104 रात्री झाल्या की दोन सप्तमांशाने. 51 रात्री झाल्या तर मात्र छदामही कमी होत नाही. म्हणजे सुट्टीतल्या एका रात्रीची किंमत वर्षभराच्या रकमेचा सातवा हिस्सा! ऑस्ट्रेलियात 14 टक्के रात्रींचा उंबरठा आहे. तो ओलांडला की त्या पालकाने मुलाचा 24 टक्के खर्च उचलला असे मानतात आणि 35 टक्के रात्रींपर्यंत हा आकडा हलत नाही. अशा पायऱ्या ठेवल्यावर मुलाला किती दिवस पाठवायचे यावर घासाघीस होणारच. शिवाय मूल शनिवारी दुसऱ्या घरी झोपले म्हणून शाळेची फी, चष्मा किंवा त्याच्या खोलीचे भाडे कमी होत नाही. वाचतो तो फार तर जेवणाचा खर्च. रात्रींचा विचार करू नका असे मी म्हणत नाही, पण वजावट व्हायची तर ती खरोखर हललेल्या खर्चापुरतीच व्हावी.

वयाचा मुद्दाही लेखातून निसटला आहे. जर्मनीत 1962 पासून वापरात असलेल्या ड्युसेलडॉर्फ तक्त्यात पालकाच्या उत्पन्नाचे टप्पे आहेत, तसेच मुलाच्या वयाचेही: 5 वर्षांपर्यंत, 6 ते 11, 12 ते 17 आणि त्यापुढे. हा तक्ता म्हणजे कायदा नव्हे, तरी तिथली न्यायालये तो वापरतात.

भारतात असा तक्ता नाही, रक्कम न्यायाधीशांच्या विवेकावर आहे. मात्र रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे शपथपत्र देणे आवश्यक केले. आई कमावती असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत प्रमाणशीर वाटता येतो, हेही त्यात आहे. शपथपत्र खरे असेल, तरच या सगळ्याला अर्थ. पगारदाराची पावती समोर असते, पण स्वतःचा धंदा असणाऱ्याचे उत्पन्न पोटगीच्या अर्जानंतर एकाएकी आटते, हे वकील मंडळींना चांगले ठाऊक आहे. अशा वेळी न्यायालय राहणीमान, बँकेतले व्यवहार आणि कर्जाचे हप्ते पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधू शकते. तो अंदाज कसा बांधतात, यावर एखाद्या अनुभवी वकिलाकडून लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक