डॉक्टर, त्या सुमार सिनेमांसाठीही आभार

प्रिय डॉ. लागू,

तुम्हाला कुणी देवमाणूस म्हटलेलं खपलं नसतं. देवाला रिटायर करा, असं जाहीरपणे सांगणारे तुम्ही. तुम्हाला ती शिवीच वाटली असती. म्हणून नुसते आभार मानते.

माझे वडील पूर्णवेळ कार्यकर्ते. म्हणजे घरात चळवळीची माणसं सदोदित, पैसा मात्र कधीतरी. आई बालवाडीत शिकवायची, त्यावर घर चालायचं. अण्णा कुणाकडून पाच रुपये घेणार नाहीत, त्यामुळे मदत करू पाहणारे नातेवाईकही थकले होते. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीतून दरमहा मानधन येऊ लागलं, आणि ते त्यांनी घेतलं. रक्कम मोठी नव्हती. पण वाण्याची उधारी महिन्याच्या महिन्याला फिटू लागली, आणि आई दुकानात स्वतः जायला लागली. आधी मला पाठवायची.

त्या निधीसाठी तुम्ही आणि निळूभाऊ फुल्यांनी अत्र्यांची ‘लग्नाची बेडी’ केलीत. १९३६ सालचं प्रहसन! ‘सामना’त तुम्ही ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असं विचारत फिरणारे मास्तर, आणि निळूभाऊ साखरसम्राट हिंदुराव. लोकांच्या मनात तुमचं वैर पक्कं बसलेलं. तेच दोघं कार्यकर्त्यांच्या चुलीसाठी एकत्र येऊन लोकांना हसवतात, हे अण्णा फार कौतुकाने सांगायचे. (अण्णांना एरवी नाटकात रस शून्य. ‘नटसम्राट’ त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.)

तुमच्या कारकिर्दीवर लिहिणारे १९६९पासून सुरुवात करतात. कान-नाक-घशाचा सर्जन, पुण्यातला जम बसलेला व्यवसाय, टांझानियातली डॉक्टरकी, आणि बेचाळिशीच्या उंबरठ्यावर ते सगळं सोडून पूर्णवेळ नट. वर्षभरात ‘नटसम्राट’चे गणपतराव बेलवलकर. मग ‘हिमालयाची सावली’, ‘पिंजरा’तले गुरुजी, ‘सिंहासन’. सत्तरी ओलांडल्यावर ‘सूर्य पाहिलेला माणूस’मधला सॉक्रेटिस. हे सगळं मोठंच आहे. ‘गिधाडे’ रंगमंचावर आणताना सेन्सॉरशी जे भांडलात, ते तर आजही कुणी सहज करणार नाही.

पण याच लेखांत तुमचे हिंदी सिनेमे एका ओळीत उरकतात, जरा नाक मुरडूनच. शंभरावर सिनेमे, आणि त्यांत न्यायाधीश, इन्स्पेक्टर, नायिकेचे वडील. ‘घरौंदा’सारखे सोडले तर बरेचसे सुमारच होते, हे मलाही मान्य आहे. पैशांसाठी ते केले, हे तुम्हीही लपवलं नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की आमच्या तालुक्याला तुम्ही ठाऊक होतात ते त्याच सिनेमांमुळे. तिथे ‘गिधाडे’ कुणी पाहिलेलं नव्हतं. तंबूतल्या पडद्यावर दिसणारा न्यायाधीश सगळ्यांनी पाहिला होता. चळवळीच्या निधीसाठी प्रयोग आहे म्हटल्यावर आमच्याकडे चार टाळकी जमली असती. श्रीराम लागू येणार म्हटलं की माणूस खिशात हात घालतो, मग त्याला चळवळीचं काही पडलेलं असो वा नसो. रंगभूमीने तुम्हाला मान दिला, पडद्याने ओळख, आणि तुम्ही ती ओळख आमच्यासारख्यांच्या घरांवर खर्च केलीत.

तुम्हाला एकदाच लांबून पाहिलं, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात. दाभोलकरांशी तुमचा जाहीर वाद-संवाद चालू होता. देव मानणाऱ्यांशी कसं बोलावं यावर तुम्ही दोघं एकमेकांना सोडत नव्हतात, आणि सभागृह खूश होतं. भेटून आभार मानावेत असं फार वाटलं. पण भोवती गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर तुमच्या त्या आवाजाची जरा भीतीच वाटली.

अण्णा आता थकलेत, पण मोर्चाला अजून जातात. या पत्रात त्यांचं नाव घालायचं नाही, अशी त्यांची अट आहे. निधीचं नाव मात्र ठळक लिही, म्हणाले.

तुमची,
एका पूर्णवेळ कार्यकर्त्याची मुलगी