केबलचं तोंड नवं, आतल्या तारा जुन्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सदाशिव पेठेत माझं स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे. पूर्वी झेरॉक्स आणि डीटीपी करायचे. गेली बारा वर्षं मुख्य काम जुन्या कागदांचं. घराण्यांची दप्तरं, वतनाचे कागद, मोडीतली पत्रं. लोक रुमालात बांधून आणतात, मी एकेक पान अलगद सरळ करून काचेवर ठेवते. ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, पूर्ण रंगात, फाइल दाबून लहान न करता साठवलं की साधारण १०० एमबी जागा घेतं. हे कागद पुन्हा पुन्हा हाताळण्याजोगे नसतात. एकदाच करायचं तर नीट करायचं, हा माझा आग्रह.

मागच्या महिन्यात साताऱ्याजवळच्या एका गावाहून एक काका आजोबांच्या दप्तराच्या प्रती न्यायला आले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आमचा जिना कठडा धरून चढले. २,३०० पानं, म्हणजे सुमारे २४० जीबी. नातवानं घेऊन दिलेली एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची छोटी वेगवान डिस्क, पिशवीत होती, तिच्यासोबतची केबल मात्र घरी राहिली होती. साडेसहाची स्वारगेटहून परतीची गाडी, आरक्षण झालेलं. आले तेव्हा पाच वाजले होते. मी म्हटलं, “बसा काका, चहा घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.”

दोनच दिवसांपूर्वी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून मी नवी केबल आणली होती. पांढरी, कापडी विणीची, चांगली जाडजूड, दोन्ही टोकांना टाइप-सी, म्हणजे हल्लीच्या फोनला असतं ते गोल कडांचं चपटं तोंड. ती लावली आणि स्क्रीनवर वेळ आली : १ तास ४५ मिनिटं. मी काढून परत लावली, दुसऱ्या खाचेत लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. केबलवर शंका आलीच नाही, कारण ती नवी होती. सहा वाजत आले तेव्हा जेमतेम हजार पानं उतरली होती. काकांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, “राहू द्या ताई, पुढच्या आठवड्यात येतो.” मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच फोल्डर मी माझ्या स्वतःच्या एसएसडीवर उतरवून पाहिलं. पांढऱ्या केबलनं पुन्हा पावणेदोन तास. मग दुसऱ्या टेबलावरची, एका टोकाला निळं तोंड असलेली जुनी केबल लावली. दहा मिनिटं आणि वर काही सेकंद.

मग मी पांढरी केबल ब्लेडनं कापली. आत तांबडी, काळी, हिरवी, पांढरी अशा चार तारा निघाल्या आणि टाइप-सीला लागणारी एक बारीक निळी. यूएसबी म्हणजे कॉम्प्युटरला उपकरणं जोडायची पद्धत. त्या पहिल्या चार म्हणजे एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० च्याच तारा. दोन वीज नेतात, दोन माहिती. निळ्या तोंडाच्या केबलमध्ये मोडी वाचायचं भिंग धरून पाहिलं, तर पुढे तशाच चार पट्ट्या आणि त्यांच्यामागे, आत खोल, आणखी पाच. नोव्हेंबर २००८ च्या यूएसबी ३.० नं जी भर घातली ती या पाच पट्ट्यांत आहे. भिंगाशिवायही, तोंड उजेडाकडे धरलं तर दिसतात. वाचकांनी जरूर पाहाव्यात.

त्यांनी काय फरक पडतो, तर जुन्या पद्धतीत माहितीच्या दोनच तारा, त्यामुळे एका वेळी एकाच दिशेनं वाहतूक. पेठेतल्या बोळात समोरून स्कूटर आली की आपण थांबतो, तसं. नव्या पद्धतीत जाण्याची जोडी वेगळी, येण्याची वेगळी. शिवाय जुन्या पद्धतीत कॉम्प्युटरनं सतत विचारत राहायचं, “आहे का काही? आहे का काही?” नव्यात उपकरण तयार झालं की स्वतःच कळवतं. जुन्याचा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी), प्रत्यक्षात हाती पडतात ३५ ते ४० एमबी. नव्याचा ५ गिगाबिट, म्हणजे दहापटीहून जास्त. चांगल्या एसएसडीला त्यातून ४०० एमबीपर्यंत सहज मिळतात. माझ्या दोन वेळांचा हिशेब तिथे तंतोतंत जुळला.

विजेतही फरक आहे. जुन्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर मिळायचे, नव्या खाचेतून ९००. पूर्वी पोर्टेबल हार्डडिस्कला दोन शेपट्यांची केबल येई, एक खाच पुरायची नाही म्हणून दोन अडवाव्या लागत. ती कटकट ३.० नं संपवली.

आणि हे सगळं करताना जुन्या माउसला, जुन्या प्रिंटरला त्यांनी बाहेर काढलं नाही. माझा २००६ सालचा स्कॅनर आजही निळ्या खाचेत चालतो. हे मला फार मोलाचं वाटतं. पण माझी फसगतही याच गुणातून झाली. नव्या खाचेत जुन्या तारांची केबल लावली तर काही अडत नाही, कुठली सूचना येत नाही. काम चालतं, फक्त दहापट हळू.

निळा रंग ही ३.० ची खूण, त्यामुळे निदान ओळख होती. २०१४ मध्ये टाइप-सी आलं, उलटसुलट कसंही लावता येणारं, २४ पट्ट्यांचं. तोंड म्हणून ते उत्तमच आहे, अंधारात चाचपडत लावणाऱ्याला विचारा. पण टाइप-सी हे तोंडाचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच्यामागे ४८० मेगाबिटच्या तारा असू शकतात आणि ४० गिगाबिटच्याही. दुकानात ‘टाइप-सी म्हणजे फास्ट’ असं सांगतात. तसं सांगणारा दुकानदार लबाड असतो असं मी म्हणणार नाही, बहुधा त्यालाही माहीत नसतं. माझ्या पाकिटावर ‘६० वॉट’ ठळक छापलं होतं. ते खोटं नव्हतं, चार्जिंग तेवढं होतंही. माहितीच्या वेगाबद्दल पाकिटाच्या एकाही बाजूला अक्षर नव्हतं.

त्यात नावांचा घोळ. २००८ चं ३.० पुढे ३.१ जेन १ (जेन म्हणजे जनरेशन, पिढी) झालं, त्यानंतर ३.२ जेन १. वस्तू तीच, वेग तोच ५ गिगाबिट. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि त्यांचे इंटेलमधले सहकारी यांनी नव्वदच्या दशकात यूएसबीवर काम केलं, ते घरातल्या कुणालाही कॉम्प्युटरला काहीही जोडता यावं म्हणून. त्याच जोडणीची नावं आज माझ्यासारख्या रोज वापरणाऱ्या बाईलाही कागदावर लिहून ठेवावी लागतात.

हे मानक सांभाळणाऱ्या संस्थेनं २०२२ मध्ये चिन्हं सोपी केली. ५, १०, २०, ४० गिगाबिट असा सरळ आकडाच चिन्हात घातला, केबलच्या चिन्हात वॉटही. म्हणजे उपाय तयार आहे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापल्याशिवाय तो विकता येत नाही. मग केबलच्या पाकिटावर आणि तिच्या तोंडावर वेगाचा आकडा सक्तीचा का नसावा? तोंडावर यासाठी की पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात जातं. ४८० मेगाबिटची केबल विकू नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. फोन चार्ज करायला, प्रिंटर चालवायला ती पुरेशी आहे, स्वस्त आहे, लांबही मिळते. फक्त ती तशी आहे हे लिहा. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी आणि भारतीय मानक ब्युरोनं हा विषय हाती घ्यावा, अशी आपल्या पत्रातून मी कळकळीची विनंती करते.

तोवर मी माझ्यापुरतं केलं आहे. दुकानातली प्रत्येक केबल घड्याळ लावून तपासली आणि तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची चिठ्ठी लावली, ‘४८०’ किंवा ‘५ जी’. अकरा केबलींपैकी सात ४८० निघाल्या, त्यांतल्या तीन टाइप-सी. शेजारच्या दोन दुकानदारांनीही आपल्या केबली माझ्याकडे आणून तपासून नेल्या.

काका गेल्या गुरुवारी पुन्हा आले. या वेळी सकाळी, वेळ हाताशी ठेवून. त्यांचं जायचं-यायचं भाडं मी आग्रहानं दिलं. सगळी २,३०० पानं चहा संपायच्या आत उतरली. शेवटचं पान उघडून दाखवलं, तेव्हा काकांनी चष्मा वर करून आजोबांच्या सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

आपली,
एक स्कॅनिंग व्यावसायिक,
सदाशिव पेठ, पुणे