चि. मृणाल हिला पत्र

गंगापूर रोड, नाशिक

चि. मृणाल हिला अनेक आशीर्वाद.

स्त्रीबीजांचा साठा किती उरला ते दाखवणाऱ्या एएमएच या रक्ततपासणीत ०.६ आल्याचे सांगून तू फोनवर म्हणालीस, "आई, माझ्यातच खोट आहे." तेव्हा मला बोलता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

माझी पाळी एकेचाळिसाव्या वर्षी थांबली. तुझ्या आजीला कळू नये म्हणून पुढची दोन वर्षे मी दर महिन्याला दुकानातून पॅडचा पुडा आणून कपाटात साड्यांखाली ठेवत राहिले. आईची पाळी लवकर गेली असेल तर मुलीचीही लवकर जाण्याची शक्यता वाढते, हे मला पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, तरीही लाजेपोटी मी तुझ्याजवळ कधी बोलले नाही. याची मला फार खंत वाटते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सर्वांत आधी सांग.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि नवी कधीच तयार होत नाहीत. तुझा साठा वयाच्या मानाने कमी आहे, एवढेच तो आकडा सांगतो. बीजाचा कस मुख्यतः वयावर ठरतो आणि तू तेहतीस वर्षांची आहेस. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असल्यामुळे नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता घटलेली दिसली नाही. मात्र तुम्हाला प्रयत्न करून सव्वा वर्ष झाले आहे, त्यामुळे केवळ या दिलाशावर थांबू नका. आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून गर्भ ठेवण्याचा उपचार, करायचे ठरले, तर इंजेक्शने देऊनही तुझी बीजे कमी मिळतील आणि कदाचित एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागेल, ही मनाची तयारी आतापासून ठेव.

समीररावांची वीर्यतपासणी झाली का? ती झाल्याखेरीज सगळा दोष स्वतःकडे घेणे मला मुळीच पटत नाही. शेजारच्या काकूंनी सुचवलेले चूर्णही मागवू नकोस. बीजे वाढवणारे औषध अजून निघालेले नाही.

शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने कल्याणला येते. माझ्या जुन्या फाइली सोबत आणीन, आणि तुझी हरकत नसेल तर डॉक्टरांसमोर माझी हकीकत मीच सांगेन.

तुझी
आई