चौतीस टक्क्यांची लाट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनच्या निवडणूक निकालानंतरचा आपला अंक मी इथे लेस्टरमध्ये मोबाईलवर वाचला. पहिल्या पानावर 'मजूर पक्षाची त्सुनामी', अग्रलेखात 'ब्रिटिश जनतेने स्टार्मर यांना डोक्यावर घेतले' आणि आत 'भारतीय वंशाच्या मतदारांचा कौल' अशी चौकट. गेली अकरा वर्षं मी या शहरात राहते आणि या निवडणुकीत मतदानही केलं. डोक्यावर घेतलेले मजूर पक्षाचे नेते स्टार्मर मला सहा आठवड्यांत कुठे दिसले नाहीत, म्हणून हे पत्र.

माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 4 जुलैला मी आमच्या भागातल्या शाळेत गेले, अशोकस्तंभाचा निळा पासपोर्ट ओळखपत्र म्हणून दाखवला (इथल्या संसदेच्या निवडणुकीसाठी ओळखपत्राची सक्ती यंदा पहिल्यांदाच झाली), दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली आणि कामावर गेले. बोटाला शाई नाही. मायदेशी मात्र मत द्यायचं तर विमानाने जाऊन स्वतः हजर व्हावं लागतं. असो.

आता आकडे, कारण अग्रलेखात जागा आहेत, मतं नाहीत. मजूर पक्षाला 650 पैकी 411 जागा मिळाल्या हे खरं. मतं मिळाली 33.7 टक्के. 2019 मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली याच पक्षाचं पानिपत झालं, 202 जागा हाती आल्या, तेव्हा मतं होती 32.1 टक्के. दीड टक्का मतं वाढली आणि जागा दुप्पट झाल्या. बरं, टक्का वाढला तरी मतदारांची संख्या घटलीच. हरलेल्या निवडणुकीत 1 कोटी 2 लाखांवर लोकांनी मजूर पक्षाला मत दिलं होतं, यंदा जिंकताना 97 लाखांनी. एकूण मतदानच जेमतेम 60 टक्के. पाणी घटलं आणि त्सुनामी आली, असं काहीसं हे झालं.

खरी पडझड सत्तेतल्या हुजूर, म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह पक्षाची. (मजूर-हुजूर ही जोडी आपल्या वृत्तपत्रांनी काय नेमकी बसवली आहे!) 43.6 टक्क्यांवरून 23.7 वर हा पक्ष आला. गेलेली मतं स्टार्मर यांच्या पदरात पडलीच नाहीत. बरीचशी नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाकडे गेली, आणि पुष्कळ जण घराबाहेरच पडले नाहीत. रिफॉर्मला 41 लाख मतं आणि 5 जागा. लिबरल डेमोक्रॅटांना त्याहून कमी, 35 लाख मतं, पण 72 जागा, कारण त्यांची ताकद मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली होती. स्कॉटलंडमध्ये मजूर पक्ष 1 जागेवरून 37 वर गेला, तिथली वाढ अस्सल आहे, ते मी मान्य करते. इंग्लंडमध्ये मात्र दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं फावलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला जड जाणार नाही. महिन्यापूर्वीच आपल्याकडे 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला आणि 17 महायुतीला मिळाल्या, आणि दोघांच्या मतांत टक्क्याचाही फरक नव्हता. तेव्हा आपण मतांची टक्केवारी पक्षवार छापली होती. मग ब्रिटनच्या बाबतीत ती का गाळली?

माझा मुख्य मुद्दा मतचाचण्यांचा आहे. 22 मे रोजी हुजूर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात, छत्रीशिवाय, निवडणूक जाहीर केली. मागून कुणी तरी 1997 सालचं मजूर पक्षाचं प्रचारगीत कर्ण्यावर लावलं होतं. त्या दिवशीच मजूर पक्ष चाचण्यांमध्ये वीसेक टक्क्यांनी पुढे होता. तिथून पुढे चाचण्यांचा रतीबच सुरू झाला, आणि हळूहळू चाचणी हाच प्रचार होऊन बसला. 12 जूनला सुनक यांचे संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स सांगू लागले की मजूर पक्षाला 'सुपरमेजॉरिटी', म्हणजे अवाढव्य बहुमत, देऊ नका. इथल्या राज्यघटनेत असं काही नाही, एका जागेचं बहुमतही पुरतं. पण सत्तेतला मंत्रीच 'आम्ही हरणार, जरा बेतानं हरवा' म्हणतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्याच दिवशी यूगव्ह या संस्थेच्या चाचणीत रिफॉर्म 19 आणि हुजूर पक्ष 18 असं आलं. एका टक्क्याचा तो फरक चाचणीत होऊ शकणाऱ्या चुकीच्या मर्यादेतच बसत होता, पण फराज लगेच 'खरे विरोधक आम्हीच' म्हणत फिरू लागले. प्रत्यक्षात काय झालं? हुजूर पक्ष 23.7, रिफॉर्म 14.3.

मतदानाच्या आदल्या दिवशीच्या बहुतेक चाचण्यांत मजूर पक्षाची आघाडी पंधरा ते वीस टक्के होती. ती निघाली दहा. विजेता बरोबर सांगितला म्हणून इथेही कुणी फार ओरडलं नाही. 1992 मध्ये विजेताच चुकला होता. मजूर पक्षाचे नील किनक जिंकणार अशी हवा होती आणि हुजूर पक्षाचे जॉन मेजर सहज पुढे गेले, तेव्हा 'लाजरे टोरी' हा शब्दप्रयोग रूढ झाला, म्हणजे हुजूर पक्षाला मत देणारा पण कबूल न करणारा माणूस. 2015 च्या चुकीची रीतसर चौकशी झाली आणि दोष नमुन्याच्या निवडीचा निघाला. यंदाची चूक मला वेगळी वाटते. रोज सकाळी 'मजूर पक्ष येणारच' असं ऐकल्यावर त्या पक्षाचा माणूस सैल पडतो. माझ्या कचेरीतले दोघे पिढीजात मजूर पक्षवाले. एकाने ग्रीन पक्षाला मत दिलं, दुसऱ्याने दिलंच नाही. 'ते जिंकतायतच की,' एवढंच कारण. चाचणीत दोघेही मजूर पक्षाच्याच खात्यात मोजले गेले असते.

रात्री दहाला येणाऱ्या एक्झिट पोलची गोष्ट निराळी. ठरावीक केंद्रांवर मत देऊन बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती नकली मतपत्रिका देतात, तो ती घडी घालून पेटीत टाकतो. तोंडाने काही सांगावं लागत नाही. त्याच केंद्रांवरच्या मागच्या निवडणुकीशी तुलना करून अंदाज बांधतात. मजूर 410 आणि हुजूर 131 असा अंदाज होता, निकाल 411 आणि 121. आपल्याकडे 1 जूनच्या संध्याकाळी वाहिन्यांनी एनडीएला 350 ते 400 जागा देऊन टाकल्या आणि झाल्या 293. त्यांनी कुणाच्या हाती मतपत्रिका दिली होती, देव जाणे.

आता लेस्टर. 2019 मध्ये शहरातल्या तिन्ही जागा मजूर पक्षाच्या होत्या. आपल्या त्सुनामीत त्यांतल्या दोन वाहून गेल्या! दक्षिण लेस्टरमध्ये मजूर पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ, जे मंत्री होणार असं सगळे धरून चालले होते, ते शौकत अ‍ॅडम या अपक्षाकडून 979 मतांनी पडले. तिथे प्रचाराचा विषय गाझा होता. आणि आमच्या पूर्व लेस्टरमध्ये, जिथे 1987 पासून मजूर पक्ष होता, शिवानी राजा हुजूर पक्षाकडून जिंकल्या. हुजूर पक्षाने देशभरात नव्याने मिळवलेली ही एकुलती एक जागा.

त्यावर आपली चौकट म्हणते, भारतीय समाजाने एकगठ्ठा मतदान केलं. कुठला गठ्ठा? मजूर पक्षाचे उमेदवार राजेश अगरवाल इंदूरला जन्मलेले. त्यांच्याच पक्षाचे दोन माजी खासदार, कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब, वेगवेगळे उभे. एकाच घरच्या तीन चुली पेटल्या आणि मतं फुटली. शिवानी राजांना मिळालेली मतं एक तृतीयांशाहूनही कमी आहेत. आमच्या शेजारच्या गुजराती मासी 1972 मध्ये युगांडातून अंगावरच्या कपड्यांनिशी आल्या. त्यांना आत घेतलं एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारनं, आणि मासी पुढची पन्नास वर्षं मत देत आल्या मजूर पक्षाला. यंदा दाराशी येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला त्यांनी 'तुम्हालाच' असं सांगितलं आणि प्रत्येकाला गाठिया खायला घातला. मत कुणाला दिलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नाही.

मुंबईकरांनी तरी हे विसरू नये. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून लिबरल पक्षाकडून संसदेत गेले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. तीनच वर्षांनी मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षाकडून, आणि 1922 मध्ये शापुरजी सकलातवाला बॅटरसीतून, तेही पक्के कम्युनिस्ट. तिघेही मुंबईचे पारशी आणि तिघांचे पक्ष तीन. शंभर वर्षांपूर्वीही 'भारतीय कौल' सापडत नव्हता.

आणखी एक किरकोळ गोष्ट. त्याच चौकटीत लेस्टर पूर्वची जागा मजूर पक्षाच्या रकान्यात छापली गेली आहे. ती हुजूर पक्षाच्या रकान्यात हवी. दुरुस्ती छापाल तेव्हा शेजारी मतांच्या टक्केवारीचा एक रकाना वाढवता आला तर पाहावं, चौकटीत उजवीकडे बरीच जागा मोकळी आहे.

आपली,
एक जुनी वाचक
लेस्टर, 10 जुलै 2024