बापाच्या रकान्यात काय लिहायचं

आई, बाबा,

बाबा परवा फोनवर म्हणाले की मेफ्लॉवरवाल्यांच्या घरात सून म्हणून गेलीस, म्हणजे सासरची वंशावळ आपल्या कुलवृत्तांतापेक्षा जाड असणार. जाड आहेच हो, पण बारा पिढ्या वर गेलं की तिथे एक मोठं भोक आहे आणि सध्या सासूबाई आणि मी त्यात डोकं घालून बसलोय. फोनवर सांगायला घेतलं की कुकरची शिट्टी होते नाहीतर कोणीतरी बेल वाजवतं, म्हणून सरळ लिहूनच काढते, लांबलंय, चहा घेऊन बसा.

यांचा मूळपुरुष रिचर्ड मोर. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून शंभराच्या वर थोडी माणसं इंग्लंडहून इथे मॅसॅच्युसेट्सला आली, त्यात हा पाच वर्षांचा पोरगा होता. सोबत बहीण एलन आठ वर्षांची, भाऊ जास्पर सातचा आणि धाकटी मेरी चारची. आई नाही, बाप नाही, एकही नातेवाईक नाही. कितीतरी वर्षं लोक धरून चालले होते की लंडनमधली अनाथ पोरं असतील, कोणीतरी गोळा करून जहाजात बसवली असतील. पण ही पोरं रस्त्यावरची नव्हतीच, इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या चांगल्या जमीनदार घरातली होती, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी त्याच मोर घराण्यातल्या एका वंशजाला घरातल्या जुन्या कागदांत १६२२ चा एक कागद मिळाला तेव्हा सगळं बाहेर आलं.

आता आई, हे तुझ्या सिरियलच्या वरचं आहे. कॅथरीन मोर आणि सॅम्युएल मोर, दोघं लांबचे चुलत, एकाच आडनावाचे. तिच्या वडिलांना मागे मुलगा उरला नव्हता, मग इस्टेट घराण्यातच राहावी म्हणून १६११ मध्ये यांचं लग्न लावून दिलं. तो जेमतेम सतरा वर्षांचा, ती पंचविशीची. पुढच्या वर्षापासून ओळीने चार मुलं, चौघांचे बाप्तिस्मे शिप्टन गावच्या चर्चमध्ये, आणि नोंदीत बाप म्हणून सॅम्युएलच. हा गडी बराचसा लंडनमध्ये, एका लॉर्डाचा सेक्रेटरी म्हणून नोकरीला. आणि मग १६१६ मध्ये एकदम त्याने इस्टेटीची कागदपत्रं अशी फिरवली की या चौघांना काही मिळू नये, कारण त्याचं म्हणणं पोरांचे चेहरे जेकब ब्लेकवेसारखे दिसतात. हा ब्लेकवे तिथलाच, साध्या शेतकरी घरातला.

कॅथरीनने ब्लेकवेचं प्रकरण नाकारलं नाही हं. तिचं म्हणणं असं की सॅम्युएलच्या आधी माझं त्याच्याशी वचन झालं होतं, साक्षीदार नाहीत माझ्याकडे, पण देवापुढे ते लग्नच आहे. त्या काळी असं तोंडी वचन खरोखर लग्नासारखं धरलं जायचं, पण साक्षीदार नाहीत म्हटल्यावर कोर्ट कशाला ऐकतंय.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगते. सॅम्युएल म्हणतो ही पोरं माझी नाहीत. पण लग्नात झालेली पोरं कायद्याने नवऱ्याची, आणि त्यांचं काय करायचं तो हक्कही त्याचाच, आईला विचारायचं कारणच नाही. म्हणजे एका कागदावर तो बाप नाही, म्हणून त्यांना इस्टेट नाही, आणि दुसऱ्या कागदावर तोच बाप, म्हणून त्यांना समुद्रापार पाठवायचा अधिकार. चौघांना आधी त्याच्या वडिलांच्या एका कुळाकडे ठेवलं होतं, तिथे कॅथरीन परत परत जायची, रडारड आरडाओरडा, पोरांच्या अंगावरचे कपडेसुद्धा तिने ओढून फाडले असं त्या कागदात लिहिलंय. लिहिलंय अर्थात सॅम्युएलच्या बाजूने, ही बाई कशी भयंकर आहे हे दाखवायला. मी वाचलं तेव्हा मला तरी फक्त एवढंच दिसलं की तिला पोरं हातात धरू देत नव्हते.

१६२० च्या उन्हाळ्यात वेगळं राहण्याच्या खटल्यात ती हरली आणि लगेच पोरं लंडनला. तिथे मेफ्लॉवरच्या लोकांशी करार झाला, सात वर्षं त्यांना सांभाळायचं, मग प्रत्येकाला पन्नास एकर जमीन द्यायची, त्यासाठी पैसे मोजून दिले. जहाजावरच्या प्रवासी कुटुंबांत पोरं वाटून टाकली, एलन विन्स्लोंकडे, जास्पर कार्व्हरकडे, रिचर्ड आणि मेरी ब्रूस्टरकडे. पुढे गव्हर्नर झालेल्या ब्रॅडफर्डने प्रवाशांची यादी लिहिली त्यात चिमुकल्या मेरीला रिचर्डचा भाऊच करून टाकलंय. जास्पर डिसेंबरमध्ये जहाजावरच गेला आणि त्या पहिल्या हिवाळ्यात एलन आणि मेरी पण. जहाजातली जवळजवळ निम्मी माणसं गेली म्हणा त्यात. आणि १६२२ मध्ये कॅथरीन कोर्टात विचारतेय की माझ्या मुलांचं काय केलंत? तो सापडलेला कागद म्हणजे तिच्या या प्रश्नाला सॅम्युएलने दिलेलं उत्तर आहे. तोपर्यंत चारातली तीन केव्हाच गेली होती.

सॅम्युएलचं पुढे छान झालं, दुसरं लग्न, मुलंबाळं, इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूने हॉप्टन कॅसल हा किल्ला लढवला, त्याची माणसं शरण आल्यावर कापली गेली आणि हा वाचला. असो.

रिचर्ड मात्र जगला, नुसता जगला नाही, कॅप्टन झाला, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला राहिला. बाबा, मूळपुरुष फार सोवळा नव्हता, इथे बायको असताना लंडनमध्ये दुसरं लग्न करून बसला होता, आणि म्हातारपणी दुसऱ्याच्या बायकोशी भानगड म्हणून चर्चने बाहेर काढला. सासूबाई हे सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगतात, आपल्याकडे मूळपुरुषाबद्दल असं कोणी छापलं असतं का? सेलमला चार्टर स्ट्रीटवरच्या दफनभूमीत त्याची शिळा आहे, मेफ्लॉवरवरून आलेल्या कुणाचीही त्या काळातली तेवढी एकच शिळा उरलीय. त्यावर वय ८४ लिहिलंय, पण बाप्तिस्मा १६१४ चा आणि वारला १६९० च्या दशकाच्या मध्याला, तेव्हा तेही जुळत नाही.

आता बाबा तुम्ही विचारणारच, मग बाप कोण, डीएनए करून टाका की. माझ्या नवऱ्याने पण हेच म्हटलं. पण बारा पिढ्या वर चार हजारावर पूर्वज होतात, त्यातल्या एका माणसाचं आपल्या रक्तात काही उरलं असेलच असं नाही. बापाकडून मुलाला, मुलाकडून त्याच्या मुलाला जातं ते वाय क्रोमोझोम बघता येतं, पण त्याला सलग पुरुषांची साखळी लागते आणि यांची साखळी मध्ये तीनदा लेकींवरून आलीय. आणि गंमत अशी की कॅथरीनही मोरच, त्यामुळे श्रॉपशरच्या मोर लोकांशी थोडं जुळलं तरी सॅम्युएल बाप ठरत नाही, ते आईकडूनही जुळेल.

माझं मत विचाराल तर ब्लेकवेच. तिने स्वतःच नाकारलं नाही, यापेक्षा काय पाहिजे. सासूबाईंचं मत वेगळं, त्या म्हणतात नवऱ्याच्या कागदावर किती विश्वास ठेवायचा, त्याला सुटायचंच होतं. चौघांचाही बाप एकच असेल हे तरी कशावरून, असंही त्या म्हणतात, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. मेफ्लॉवर सोसायटी म्हणजे त्या प्रवाशांच्या वंशजांची संस्था, तिला तसा प्रवाशापर्यंतचाच पुरावा लागतो, त्याचा बाप कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, तेव्हा सर्टिफिकेट अडलेलं नाही. हे सगळं चाललंय ते नातींसाठी भिंतीवर लावायच्या तक्त्यापायी. शेवटी ठरलं की आईच्या जागी कॅथरीन ठळक अक्षरात, आणि बापाच्या जागी ‘चर्चच्या नोंदीत सॅम्युएल, सॅम्युएलच्या म्हणण्यानुसार जेकब ब्लेकवे’. सासूबाईंना अजून एका गोष्टीचा आनंद, इंग्लंडच्या जुन्या राजघराण्याशी नातं निघतं ते कॅथरीनकडूनच, म्हणजे बाप कोणीही असो, ते पक्कं.

तर त्या तक्त्यात आपली बाजू पण लावायचीय, म्हणून मी कुलवृत्तांताचे फोटो काढून आणले होते ते उघडले. बाबा, वर वर गेलं की पुरुषांची नावं झकास, आणि बायकांची सासरची नुसती नावं, रमा, लक्ष्मी, परत रमा. माहेरचं आडनाव नाही, गाव नाही. आणि आई, तुझ्या बाजूचं तर माझ्याकडे काहीच नाही. तुझी आजी कोणाकडची, तिची आई कुठल्या गावची, मिरजेच्या मावशीला विचार, तिला आठवत असेल, ती आता नव्वदीला टेकलीय तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. नक्की नसेल तर नक्की नाही असं लिही, दोन आडनावं निघाली तर दोन्ही लिही.

रविवारी तुमच्या सकाळी फोन करते, वही जवळ ठेवा. बाबा, नवीन गोळीने पाय सुजतायत म्हणालात त्याचं डॉक्टरांना सांगितलंत का?

तुमची लेक