एमजीयू-एच गेली रे, पक्या

प्रिय पक्या,

किती महिने झाले ते मोजू नकोस, मी मोजलेत. लाज वाटते म्हणून लिहिलं नाही आणि लिहिलं नाही म्हणून अजून लाज, असं ते वाढतच गेलं. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. आज बसलो कारण २०२६ च्या नियमांत फॉर्म्युला वनच्या इंजिनातली एमजीयू-एच, ती एक्झॉस्टवर वीज बनवणारी मोटर, गेली आणि हे सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही. दाद्याला सांगितलं तर म्हणतो, कोण होती?

तू तिला पहिल्या दिवसापासून शिव्या घातल्यास. २०१४ ची मेलबर्नची रेस, जुन्या व्ही-८ इंजिनाचा आवाज गेला म्हणून तू टीव्हीसमोरून उठून गेलास, "हा काय मिक्सर" म्हणून, आणि मी सुम्यासमोर तुला म्हातारा म्हटलं. एकदा म्हणून थांबलो नाही, दोन सीझन म्हणत राहिलो. पण मला ती आवडायची त्याला काय करू! टर्बोच्या शाफ्टवर बसलेली, एक्झॉस्टमधून जे वाया जायचं त्यातून वीज काढायची आणि वर टर्बोला आधीच फिरवून ठेवायची, म्हणजे पाय दाबल्यावर ताकद यायला उशीर, तो लॅग, नाहीच. २०१७ ला मर्सिडीजच्या इंजिनाने डायनोवर, म्हणजे चाचणीच्या बाकावर, ५० टक्के एफिशियन्सी ओलांडली ती काय उगाच? महाग, किचकट, रस्त्यावरच्या गाडीत उपयोग नाही, ऑडीसारख्यांना यायचं तर आधी हिला काढा. काढली.

बाकी २०२६ च्या गाड्या दिसायला छान झाल्यात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २०० मिलिमीटरने कमी, रुंदी १०० ने, वजन ७६८ किलोवर आलंय. पण माझी झोप उडालीये ती बॅटरीने. एमजीयू-के, ती ब्रेकिंगला वीज भरणारी आणि मग गाडीला जोर देणारी दुसरी मोटर, १२० किलोवॅटची थेट ३५० ची केली, पेट्रोल इंजिनची ताकद उतरवून ४०० च्या आसपास आणली, म्हणजे जवळजवळ निम्मी निम्मी. आणि बॅटरीत एका वेळी वापरायला मिळणार ४ मेगाज्यूल. परवा रात्री उठून भागाकार केला, ३५० किलोवॅटने ओढलं तर जेमतेम ११ सेकंद! अकरा! मग लॅपभर भरत बसा, ब्रेकिंगला भरा, कोपऱ्यात भरा, आणि तरी पुरली नाही तर सरळ रस्त्याच्या शेवटी ड्रायव्हरचा पाय पूर्ण दाबलेला असताना इंजिन जनरेटर फिरवत बसणार आणि गाडी हळू होणार. पाय दाबलेला आणि गाडी हळू, पक्या. ते पुढचे-मागचे दोन्ही विंग सरळ रस्त्यावर उघडतात ना, सगळ्यांचे, आधीच्या डीआरएससारखं (तेव्हा फक्त मागचं विंग उघडायचं) एक सेकंद मागे असायची अट नाही, तेही मला वाटतं बरंचसं याचसाठी, हवेचा अडथळा कमी झाला तरच वीज पुरणार. ओव्हरटेकला वेगळं बटण आहे. पुढच्याची वीज ताशी २९० किलोमीटरच्या पुढे आटत जाते, मागच्याला ३३७ पर्यंत पूर्ण मिळते. आता सांग, यात पास कोणी केला, ड्रायव्हरने की भागाकाराने?

हो, माहितीये, हे तूच बोलायचास. शब्द न् शब्द तुझे. तेव्हा मी म्हणायचो की इंजिनिअरची अक्कल पण रेसिंगच आहे, गप्प बघ. आता मी टेस्टिंगचे व्हिडिओ आवाज वाढवून ऐकतोय, कुठे डाउनशिफ्ट मारतोय, कुठे पाय उचलतोय. त्यातली गंमत अशी की आवाज थोडा परत आलाय म्हणे, एक्झॉस्टमधून घेणारी कोणी राहिली नाही ना. तुझं फावलं.

आणि स्टार्ट! एमजीयू-एचशिवाय टर्बो फिरवायला ग्रिडवर इंजिन बराच वेळ रेस करून धरावं लागतं, आणि ५० च्या वेगापर्यंत एमजीयू-के मदतीला येऊ शकत नाही. शेवटच्या रांगेतल्याला तर थांबून तेवढा वेळच कुठे मिळतो. दिवे विझले, रेस सुटली, आणि एखादा जागेवरच राहिला तर मागून येणारे २०० ने येणार. याचीच खरी भीती वाटते, बाकीची कुरकुर समज.

माझ्या अंदाजांवर जाऊ नकोसच म्हणा. २०२२ ला मर्सिडीजचे झीरो-पॉड, ते गाडीच्या बाजूचे जवळजवळ गायब केलेले भाग, बघून मी "सीझन संपला" असं लिहिलं होतं आणि तू वर्षअखेरीस ब्राझीलनंतर पाठवलंस, "पॉड शून्य, जिंकणं एक". अजून सेव्ह आहे.

तुझं नवीन काम कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का? चिन्या आता कितवीत, उंच झाला असेल. आईंना नमस्कार सांग, विचारलं म्हणावं.

मेलबर्नला फोन लावतो, दिवे लागायच्या आधीच. उचल. काही बोलला नाहीस तरी चालेल, नुसता चालू ठेव.

तुझाच,
बंड्या

ता. क. आवाजाबद्दल तू बरोबर होतास. डबल डिफ्यूझरबद्दल, त्या २००९ च्या गाडीखालच्या हवेच्या युक्तीबद्दल, नाही. नियमात बसवलं म्हणून काय झालं, ती चीटिंगच होती.